मोरस बेटावरून आलेला कागद

माझी आजी साखरेला साखर म्हणत नसे, मोरस म्हणत असे. "चहात मोरस बेताने घाल रे," हे तिचे वाक्य माझ्या कानांत अजून आहे. लहानपणी मला वाटे, हा शब्द आजीने स्वतःच बनवला असावा. पुष्कळ वर्षांनी समजले की मोरस म्हणजे मॉरिशस. त्या बेटावरची पांढरी साखर मुंबई बंदरात उतरू लागली, तेव्हा आपल्या लोकांनी बेटाचे नाव सरळ साखरेलाच देऊन टाकले. पण ज्या उसाची ती साखर, त्या उसात राबायला आपल्याच रत्नागिरीकडची, सावंतवाडीकडची आणि ठाण्याकडचीही माणसे गेली होती, हे आजीला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर कॉलेजात इतिहास शिकवत असूनही, एक पाहुणा माझ्या दारात येऊन उभा राहीपर्यंत, मीही त्याचा कधी नीट विचार केलेला नव्हता.

पाहुणा मॉरिशसचा. वय सत्तरीचे, पेशाने शिक्षक, आता निवृत्त. ठाण्यात ओळखीच्यांकडे उतरला होता आणि कोणीतरी सांगितले म्हणून लोकलने डोंबिवलीला माझ्या घरी आला. मराठी बोलत होता, पण शाळेत शिकलेले, एकेक शब्द तोलून ठेवल्यासारखे. घरी ते लोक क्रिओल बोलतात. खुर्चीवर बसल्याबरोबर त्याने पिशवीतून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, आपण प्रसाद पुढे करतो ना, तसा.

"सर, हे माझे खापरपणजोबा," तो म्हणाला. "यांचे गाव ठाणे जिल्ह्यात आहे. मला ते सापडत नाही."

मित्रहो, त्या कागदावर काय होते ते आधी सांगतो, कारण असा कागद उद्या तुमच्याही गावात येईल.

१८३३ साली इंग्रजांच्या पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचले आणि तेथून पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर गेली. बेट केवढे, तर आपल्या जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे! मजुरांशी करार होई. ॲग्रिमेंट या शब्दाचे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले. सुताराच्या गिरमिटाशी त्याचा संबंध नाही, जरी भोक दोन्ही पाडतात. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा, असा सुरुवातीचा भाव होता. जुलमाची ओरड झाल्यावर १८३९ साली ही निर्यात बंद करण्यात आली, आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून पुन्हा सुरू झाली. मुंबईहून गेलेले लोक इतर दोन बंदरांच्या मानाने थोडे. पण गेले ते बहुतेक आपल्या कोकणातले आणि घाटमाथ्याच्या आसपासचे.

मळेवाल्यांना माणूस पळून गेला तर ओळखता यायला हवा होता. म्हणून प्रत्येक माणसाची नोंद झाली. बेटावर उतरल्यावर त्याला एक नंबर मिळे आणि मरेपर्यंत तो नंबर त्याची पाठ सोडत नसे. नंबरापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, परगणा, जिल्हा, जहाज आणि ज्या मळ्यावर पाठवले त्या मळ्याचे नाव. साधारण १८६० नंतरच्या दशकात छायाचित्रेही काढू लागले. ही सगळी दप्तरे मॉरिशसमध्ये मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत आणि घरातल्या माणसाने अर्ज केला की उतारा मिळतो. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली बांधलेली उतारूंची इमारत आणि तिच्या सोळा दगडी पायऱ्या आजही पाहायला मिळतात. आप्रवासी घाट म्हणतात त्याला. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

आता पाहुण्याचा कागद. खापरपणजोबांचे खरे नाव मी सांगत नाही, आपण त्यांना गणू म्हणू. वय बावीस. उंची पाच फूट तीन इंच. डाव्या नडगीवर जुना व्रण. बापाचे नाव आहे, आडनाव नाही. जात: मराठा. साल १८५८. जिल्हा: टी, ए, दोन एन, ए, एच. म्हणजे तन्नाह, म्हणजे आपले ठाणे. त्या काळी इंग्रज ठाण्याचे स्पेलिंग असेच करीत. कल्याण शोधायचे असेल तर 'के'खाली शोधू नका, 'सी'खाली शोधा: कॅलियन. भिवंडीच्या स्पेलिंगात 'ई' आणि 'डब्ल्यू' शेजारी शेजारी बसलेले दिसतील. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, ठ नाही. मुंबईच्या कारकुनाने आपल्या कानाने ऐकले, आपल्या लिपीत घातले. पोर्ट लुईच्या कारकुनाने ते पुन्हा उतरवून घेतले, आणि तेथे तर फ्रेंच कानांचा कारभार. एका गावाच्या नावाची अशी दोनदा चाळण झाल्यावर चाळणीत काय उरणार?

तरीही नडगीवरच्या त्या व्रणावर माझी नजर अडली. हा व्रण कशाचा असेल? कोयत्याचा? बैलाने मारले असेल? एकशे साठांहून अधिक वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने धोतर वर करायला लावून तो पाहिला आणि लिहून ठेवला. मी पाहुण्याला म्हणालो, "तुम्ही भाग्यवान आहात. माझ्या खापरपणजोबांची उंची मला ठाऊक नाही."

बोलून गेलो आणि मनात चमकलो. उंचीचे सोडा, मला त्यांचे नाव तरी ठाऊक होते का? नव्हते. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावे लागतात: बाप, आजा, पणजा. चौथ्याचे नाव कोणी विचारत नाही, म्हणून कोणी लक्षात ठेवत नाही. जो देशोधडीला लागला त्याचे सगळे टिपून ठेवलेले, आणि जो गावातच राहिला त्याचे काहीच नाही. असो.

पाहुण्याची खरी अडचण जिल्ह्याच्या खालच्या शब्दात होती. तालुक्याच्या जागी लिहिलेले होते 'कोलवन'. त्याने एका कचेरीत विचारले. तेथे सांगण्यात आले की ठाणे जिल्ह्यात असा तालुका नाही, कधी नव्हता. कोणी म्हणाले, पुण्याकडे मुळशी तालुक्यात कोळवण नावाचे गाव आहे, तेथे जाऊन पाहा. बिचारा गेला! तीन दिवस तेथे काढले. लोकांनी जेवू घातले, देवळे दाखवली, पण त्या गावाचा आणि ठाण्याचा संबंध काही जुळेना.

आता शिक्षकमित्रांनी थोडे लक्ष द्यावे, कारण हा भाग त्यांच्या उपयोगाचा आहे. कोळवण नावाचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. आजचा शहापूर तो. १८६६ साली नावे बदलली: कोळवणचे शहापूर झाले, संजाणचे डहाणू झाले, नसरापूरचे कर्जत झाले. म्हणजे १८५८ साली निघालेला माणूस आपला तालुका शहापूर सांगणारच नाही. जिल्ह्याच्या हद्दीही अशाच सरकत आल्या. १८१७ साली पेशव्यांकडून मिळालेल्या मुलखाचा उत्तर कोकण जिल्हा झाला. १८३३ साली त्यालाच ठाणे जिल्हा म्हणू लागले. पेण, रोहे, महाड हे भाग काही काळ ठाण्याखालीच होते. कुलाबा जिल्हा स्वतंत्र झाला तो १८६९ मध्ये. पनवेल १८८३ पर्यंत ठाण्यात, कर्जत १८९१ पर्यंत ठाण्यात. वांद्रे-अंधेरीकडचा भाग १९२० साली मुंबई उपनगरात गेला. आणि अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर वेगळा जिल्हा झाला. तेव्हा कोणी 'तन्नाह' लिहिलेला कागद घेऊन आला तर त्याचे गाव आज ठाण्यात असेल, पालघरमध्ये असेल, रायगडात असेल किंवा मुंबईच्या एखाद्या उड्डाणपुलाखाली असेल. आधी साल पाहायचे, मग नकाशा काढायचा. १८८२ साली निघालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर या कामी फार उपयोगी पडते. गावांची आणि पोटविभागांची जुनी नावे त्यात सापडतात.

मी पाहुण्याला हे सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. चहा निवत होता. मग त्याने विचारले, "शहापूर येथून किती दूर?"

"आसनगाव स्टेशनपर्यंत लोकल जाते," मी म्हणालो. "कल्याणला गाडी बदलायची. दोन तासांत पोचाल."

सहा महिने तो माणूस शोधत होता आणि गाव दोन तासांवर होते.

पण थांबा, गाव अजून सापडलेले नव्हते. नाव 'एस'ने सुरू होत होते. शहापूर तालुक्यात सापगाव आहे, सावरोली आहे, सरळांबे आहे, शिरोळ आहे. त्या पाचसहा इंग्रजी अक्षरांतून आम्ही वेगवेगळी नावे काढून कागदावर मांडली, मोठ्याने उच्चारून पाहिली, माझ्या बायकोलाही उच्चारायला लावली. शेवटी एका नावावर थांबलो. ते नाव मी येथे सांगत नाही. तेथे माणसे नांदत आहेत, त्यांना उगाच त्रास नको. आणि त्या नावाची गावे निघाली दोन. एक बुद्रुक, एक खुर्द.

माणूस गाव सोडून का जातो याचा विचार मी लोकलमध्ये करीत होतो. कर्ज असेल, दुष्काळ असेल, घरात भांडण असेल, नाहीतर दलालाची गोड जीभ असेल. आमच्या पुस्तकांत ही कारणे एकाखाली एक दिलेली असतात. पण १८५५ साली आगगाडी वासिंदपर्यंत आली होती. गणू बावीस वर्षांचा असताना रूळ त्याच्या तालुक्यात येऊन पोचलेले होते, पुढे कसाऱ्याकडे आणि थळ घाटाकडे सरकत होते, आणि खडी फोडायला मजूर लागत होते. रोख मजुरी म्हणजे काय ते गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले असेल. माझा आपला तर्क असा, की रुळाच्या कामावर गेलेला एखादा गडी रुळाच्या कडेनेच मुंबईला पोचला असेल आणि तेथे बंदरावर कोणीतरी त्याला म्हणाले असेल, पाच रुपये मिळतात, ये. १८५७ च्या उठावानंतरची दोन-तीन वर्षे मॉरिशसच्या भरतीची फार मोठी वर्षे होती. तर्क हा तर्कच. पाहुण्याला मी तो सांगितला, तेव्हापासून तो खिडकीतून बाहेर रुळांकडे पाहत राहिला.

आधी आम्ही बुद्रुकला गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी भेटले, तरुण, तालुक्यातलेच. त्यांनी चार वडीलधाऱ्यांना ओट्यावर बोलावले. पाहुण्याने कागद उघडला, मी वाचून दाखवला. सगळे शांतपणे ऐकत होते. मग पटका बांधलेल्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "जमिनीचा काय हाय का?"

श्रोते हो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्या पोटापाण्याला दोन एकर वरकस आहे, त्याच्या दारात कोणी परदेशी माणूस 'मी तुमचाच' म्हणून कागद घेऊन उभा राहिला तर त्याच्या छातीत धस्स होणारच. मी त्यांना समजावले, की हे गृहस्थ तेथे पेन्शन खातात, घर आहे, मुले नोकरीला आहेत; यांना सातबारा नको, नुसते नाव हवे आहे. "नाव घेऊन काय करनार?" म्हाताऱ्याने विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही. पाहुण्याने मात्र ते ऐकले होते. तो म्हणाला, "आजोबा, आमच्या घरात माझ्या नातीने विचारले, आपण कुठून आलो. मी म्हणालो, बोंबेहून. ती म्हणाली, बोंबे खूप मोठी आहे." म्हातारा हसला. "मंग ठीक हाय," म्हणाला आणि खाली बसला.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. "कोन समाज?"

कागदावर लिहिले होते 'मराठा'. पण ते लिहिले होते मुंबईच्या नाहीतर पोर्ट लुईच्या कारकुनाने. मुंबईहून आलेला, मराठी बोलणारा, की लिहा मराठा: अशा नोंदी त्या दप्तरांत पुष्कळ आहेत. त्या शब्दाखाली कुणबी असेल, कोळी असेल, आगरी असेल, आणखी कोणी असेल. मॉरिशसमध्ये त्याने बिघडले नाही. तेथे सगळे मिळून 'मराठी' झाले. गणेश चतुर्थीला तेथे सरकारी सुट्टी असते, आणि आपल्या रत्नागिरीकडची जाखडी तेथे 'झाकरी' नावाने अजून नाचतात. पण येथे गावात समाज ठरल्याशिवाय कोणत्या आळीत जायचे तेच ठरत नाही. कुणब्यांची आळी वेगळी, ठाकूरवाडी वेगळी, कातकरवाडी त्याहून पलीकडे.

"कुलदैवत कोणतं?" गुरुजींनी विचारले. प्रश्न नेमका होता. आपल्याकडे आडनाव हरवले तरी कुलदैवत सहसा हरवत नाही.

पाहुणा जरा संकोचला. म्हणाला, "कुलदैवत म्हणजे मला नीट ठाऊक नाही. पण माझी आजी वर्षातून एकदा घराबाहेर दगडाला शेंदूर लावून नारळ देत असे. वाघोबाला."

ओट्यावरचे चौघेही एकदम बोलू लागले. वाघोबा! मॉरिशसमध्ये वाघ नाही, कधी नव्हता. त्या बेटावर चार पिढ्या एक बाई दुसरीला सांगत आली की वाघोबाला नारळ द्यायचा, आणि का ते कोणालाच ठाऊक नव्हते. गावाच्या शिवेवर, मोहाच्या झाडाखाली वाघोबाचा दगड होता. गुरुजींनी आम्हांला तेथे नेले. पाहुणा चपला काढून बराच वेळ उभा राहिला.

तुम्हांला वाटेल, सापडले! तसे नाही, हो. त्या मुलखात वाघोबा कोणा एकाचा नाही. कुणब्यांचा आहे, ठाकरांचा आहे, महादेव कोळ्यांचा आहे, वारल्यांचा तर आहेच. खुर्दच्या शिवेवरही वाघोबा आहे. एवढे मात्र नक्की झाले, की कागदावरचा मुलूख बरोबर आहे.

परतताना पाहुणा म्हणाला, "मी सगळ्या आळ्यांत जाऊन नमस्कार करून येतो. कोणत्या तरी एकीत माझे लोक असतीलच." एक वडीलधारा म्हणाला, "आधी ठरू द्या, मंग जा." पाहुण्याला त्यातला अर्थ समजला की नाही, मला सांगता येत नाही. मला समजला, आणि मी गप्प बसलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने गप्प बसायला नको होते. तो मात्र निघालाच. गुरुजी त्याच्याबरोबर गेले, मी त्यांच्यामागून. कुणब्यांच्या आळीत पाणी मिळाले, ठाकूरवाडीत कोरा चहा. कातकरवाडीत पुरुष कामावर गेलेले होते. एका बाईने खाट टाकून दिली आणि तेथे तो सगळ्यांत जास्त वेळ बसला, कारण ऊन फार होते.

मित्रहो, मूळ शोधत येणारा हा काही एकटाच माणूस नाही. त्रिनिदाद बेटाच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर २०१२ साली बिहारमध्ये बक्सर जिल्ह्यातल्या आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या होत्या. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे वडील बिहारमधल्या हरिगावचे. उत्तरेकडे हे पुष्कळ चालते, गावांनाही त्याची सवय झाली आहे. आपल्याकडे कमी, म्हणून आपण गोंधळतो.

आपल्याकडचीच दुसरी बाजू पाहा. ठाण्यात १८७९ साली बांधलेले बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते लोकही १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. पण गावाचे नाव ते आडनावातच बांधून घेऊन गेले: रोहेकर, पेणकर, नवगावकर. त्यांच्या नातवंडाला गाव शोधायला दप्तर लागत नाही, स्वतःची सही केली की गाव दिसते. मॉरिशसला गेलेल्याचे तसे झाले नाही. तेथे दप्तरात आडनाव नसल्यामुळे पहिल्या माणसाचे पाळण्यातले नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले. तेथे कोणाचे आडनाव 'सखाराम' किंवा 'रामजी' असले तर समजावे की सखाराम किंवा रामजी हा जहाजातून उतरलेला मूळपुरुष. त्यातही एक मेख आहे. हिंदू पद्धतीने लागलेले लग्न तेथील सरकार बराच काळ मानत नसे. मग मूल कागदोपत्री एकट्या आईचे, आणि कधी कधी आईकडचेच नाव पुढे चाले. म्हणून अशा कुणाचा शोध घेताना आईच्या बाजूची कागदपत्रेही मागून घ्यावीत.

शिवाय सगळेच काही मजूर म्हणून गेले नव्हते. १८१५ ते १८३७ या काळात इंग्रजांनी बंगाल आणि मुंबई इलाख्यातले सुमारे दीड हजार कैदी त्या बेटावर रस्ते बांधायला नेले. १८३६ साली चार्ल्स डार्विन तेथे उतरला तेव्हा त्याने त्यांना पाहिले आणि त्यांच्याविषयी आदराने लिहिले. त्यांतल्या कोणाचा वंशज आला तर त्याच्या पणज्याला आपण आज पुन्हा शिक्षा ठोठावू नये.

आता शिक्षकांना माझी विनंती. तुमच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर जपा. १८५८ चा माणूस त्यात सापडणार नाही, पण त्याच्या भावाचा पणतू सापडेल. गावातल्या वाड्या-पाड्यांची जुनी नावे, शेतांची नावे, शिवेवरच्या देवांची नावे मुलांकडून लिहवून घ्या. म्हाताऱ्या माणसांना ती ठाऊक आहेत आणि ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत. मोडी वाचणारा कोणी तालुक्यात असेल तर त्याचा पत्ता जवळ ठेवा. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी माळ्यावर रुमालात बांधलेले कागद असतात, ते रद्दीत जाऊ देऊ नका. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. तेथे इंग्रज सरकारच्या जुन्या खात्यांची दप्तरे पाहायला मिळतात. चिकाटी मात्र हवी. आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील क्षेत्रोपाध्यांच्या वह्या विसरू नका. गावाचे नाव आणि आडनाव सांगितले की ते पाचसात पिढ्या काढून दाखवतात. आमच्या पाहुण्याचे घोडे येथेच अडले आहे: गावे दोन आहेत आणि आडनाव नाही. पण एखाद्या कुटुंबाच्या नोंदीत बापाचे नाव तेच आणि एका मुलाच्या नावापुढे पुढची सगळी जागा कोरी, असे सापडले तर? शहापूरकडून नाशिक जवळ. पुढच्या सुट्टीत मी जाणार आहे. त्याच वेळी माझ्या स्वतःच्या खापरपणजोबांचे नावही विचारून येईन म्हणतो.

त्या दिवशी निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा शाळेत आलो. पाच वाजून गेले होते. पाहुण्याने गुरुजींना विचारले, "तुमच्या शाळेत येणाऱ्यांनी लिहायची वही असते का?" गुरुजींनी कपाटातून शेरेबुक काढले. त्यात आधी केंद्रप्रमुखांचा शेरा होता, पटावर किती, हजर किती. त्याखाली पाहुण्याने नीट अक्षरात, मराठीत, खापरपणजोबांचे नाव लिहिले. त्याखाली त्यांचा बेटावरचा नंबर, बापाचे नाव, वय बावीस, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या नडगीवर व्रण. मग स्वतःचे नाव, गाव आणि पत्ता. जातीचा रकाना त्याने घेतलाच नाही. लिहून झाल्यावर वही गुरुजींपुढे सरकवली. गुरुजींनी खाली तारीख घातली, शाळेचा शिक्का मारला, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.